क्रूझवर कार्ड स्वाइप केलं की बँक जास्तीचे पैसे का कापते? ते वाचवायचे कसे?

भिवपुरी रोडहून सीएसएमटीची लोकल पकडली, की शेवटच्या स्टेशनवरून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं काही मिनिटांवर आहे. तिथल्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं. त्याआधी सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचं ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सफरी करू लागलं होतं. आता तर इन्स्टाग्राम उघडलं की सिंगापूरच्या क्रूझची जाहिरात समोर येते. त्यामुळे एकेकाळी फक्त सिनेमात दिसणारी क्रूझ कर्जत-खालापूरच्या घरांतल्या सुट्टीच्या यादीत येऊन बसली आहे.

पॅकेजची किंमत सगळे घासाघीस करून ठरवतात. पण जहाजावरून परत आल्यावर क्रेडिट कार्डाच्या बिलात एक वेगळी ओळ दिसते: ‘फॉरेन करन्सी मार्कअप फी’. तिच्याखाली जीएसटी. ही रक्कम हजारोंत जाऊ शकते आणि ती कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नसते.

ती लागते कशी आणि टाळायची कशी, हे समजून घेऊ.

आधी हे बघा: ही फी नेमकी कशाची?

तुमचं कार्ड भारतीय बँकेचं आहे, म्हणजे त्याचा हिशेब रुपयांत. जहाजावरचं बिल डॉलरमध्ये आलं, की विसा किंवा मास्टरकार्ड त्या दिवसाच्या दरानं त्याचे रुपये करतं. त्यावर तुमची बँक स्वतःची टक्केवारी लावते. तिलाच फॉरेक्स मार्कअप म्हणतात. बऱ्याच भारतीय क्रेडिट कार्डांवर हा मार्कअप ३.५ टक्के असतो. मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन्ही मिळून झाले ४.१३ टक्के.

उदाहरण घेऊ. चौघांच्या कुटुंबाचं जहाजावरचं बिल ८०० डॉलर झालं. हिशेब सोपा जावा म्हणून डॉलर ९० रुपये धरू. मूळ बिल झालं ७२,००० रुपये. ३.५ टक्के मार्कअप २,५२० रुपये आणि त्यावरचा जीएसटी सुमारे ४५४ रुपये. म्हणजे जवळपास २,९७४ रुपये जास्तीचे गेले, आणि त्या बदल्यात ना एक जेवण मिळालं, ना एक फोटो.

जहाज भारतातून निघालं तर फी लागत नाही ना?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. जहाज कुठे तरंगतंय यावर ही फी ठरत नाही. ती दोन गोष्टींवर ठरते:

१. बिल कोणत्या चलनात आहे?
२. पैसे घेणारी कंपनी आणि तिची बँक कोणत्या देशात नोंदलेली आहे?

मुंबई-गोवा अशा देशांतर्गत सफरीत तिकीट आणि जहाजावरचे दर रुपयांत असतात, त्यामुळे तिथे मार्कअपची काळजी नाही. परदेशी कंपनीच्या जहाजावर मात्र चित्र उलटं. सिंगापूरहून निघणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या जहाजावर खर्च अमेरिकी डॉलरमध्ये लिहिला जातो. त्याच बंदरातून निघणाऱ्या स्टारड्रीम क्रूझेसच्या ‘गेंटिंग ड्रीम’वर सिंगापूर डॉलर चालतो. भूमध्य समुद्रातल्या कोस्टाच्या सफरीत युरो. एकाच बंदरातून निघणाऱ्या दोन जहाजांवर दोन वेगळी चलनं, म्हणून बुकिंग करतानाच विचारा: ‘जहाजावरचं बिल कोणत्या चलनात होतं?’

आणखी एक सावधगिरी. इंटरनेटवर ‘क्रूझवर फॉरेन ट्रान्झॅक्शन फी लागत नाही’ असे इंग्रजी लेख सर्रास सापडतात. त्यातले बरेचसे अमेरिकी लोकांसाठी लिहिलेले असतात. त्यांचं कार्ड डॉलरचं आणि जहाजाचं बिलही डॉलरचं, म्हणून त्यांना सहसा फी लागत नाही. आपलं कार्ड रुपयांचं आहे. तो सल्ला आपल्याला लागू होत नाही.

जहाजावर पैसे द्यायची पद्धत कशी असते?

बहुतेक मोठ्या जहाजांवर दुकानात किंवा कॅफेत थेट पैसे द्यायचे नसतात. चढतानाच तुम्हाला खोलीच्या चावीसारखं एक कार्ड मिळतं. रॉयल कॅरिबियनवर त्याला ‘सीपास’ म्हणतात. कॉफी, वाय-फाय, फोटो, स्पा, सगळं त्या कार्डावर लिहिलं जातं. त्यामागे तुमचं बँकेचं कार्ड जोडलेलं असतं आणि शेवटच्या रात्री एकत्र बिल वसूल होतं.

‘यूपीआय चालेल का?’ हा आपला पहिला प्रश्न. सिंगापूरसारख्या देशात जमिनीवरच्या काही दुकानांत भारतीय यूपीआय चालतं. परदेशी जहाजावरच्या खात्याला मात्र साधारणपणे कार्ड किंवा रोख रक्कमच जोडावी लागते. धबधब्याजवळच्या टपरीवर क्यूआर स्कॅन करून चहा घ्यायची सवय इथे कामाला येत नाही.

कार्ड जोडताना जहाज त्यावर काही रक्कम ‘होल्ड’ करतं, म्हणजे अडवून ठेवतं. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा कमी होते, पण डेबिट कार्डावर तुमच्या खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सफर संपल्यावरही मोकळे व्हायला काही दिवस लागू शकतात. म्हणून घरखर्चाच्या खात्याचं डेबिट कार्ड जोडू नका.

‘रुपयांत भरता का?’ याला हो म्हणायचं की नाही?

नाही म्हणायचं.

काउंटरवर किंवा मशिनवर कधीकधी विचारलं जातं, ‘डॉलरमध्ये घेऊ की भारतीय रुपयांत?’ आकडा ओळखीच्या चलनात दिसतो म्हणून आपण रुपये निवडतो. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. यात रुपयांचा दर विसा किंवा मास्टरकार्ड ठरवत नाही, मशिनमागची कंपनी ठरवते आणि स्वतःचा नफा त्यात मिसळते.

समजा त्यांनी ९० ऐवजी ९४.५० रुपयांचा दर लावला. ८०० डॉलरचे झाले ७५,६०० रुपये, म्हणजे ३,६०० रुपये जास्त. त्यात भर म्हणजे, पैसे रुपयांत दिले तरी कंपनी परदेशात नोंदलेली असल्यामुळे अनेक भारतीय बँका अशा व्यवहारावर १ टक्क्याच्या आसपास वेगळी फी लावतात. ती आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून सुमारे ८९२ रुपये. एकूण जादा खर्च जवळपास ४,४९२ रुपये. म्हणजे मार्कअप वाचवायला गेलात आणि दीडपट भरून आलात.

चढताना जो फॉर्म किंवा अ‍ॅप भरता, त्यातही हा पर्याय आधीच टिक केलेला असू शकतो. तो वाचा आणि जहाजाचंच चलन ठेवा. परदेशी वेबसाइटवर रुपयांत दिसणाऱ्या किमतीलाही हाच नियम लागू होतो.

मग पैसे द्यायचे कसे?

*पर्याय १: झिरो मार्कअप कार्ड.* काही कार्डांवर फॉरेक्स मार्कअप नसतोच. आयडीएफसी फर्स्ट बँकेचं ‘वॉव’ आणि फेडरल बँकेचं ‘स्कॅपिया’ ही कार्डं अशीच बाजारात आली. यातलं ‘वॉव’ फिक्स्ड डिपॉझिटवर मिळतं, त्यामुळे पगाराची स्लिप नसलेल्या दुकानदाराला किंवा शेतकऱ्यालाही असा रस्ता मोकळा आहे. मात्र कार्डाच्या अटी बदलत असतात. अर्ज करण्याआधी बँकेच्या दरपत्रकात ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ ही ओळ स्वतः बघा. कार्ड यायला वेळ लागतो, म्हणून सहलीच्या महिनाभर आधी हालचाल करा.

*पर्याय २: कमी मार्कअपचं कार्ड.* काही प्रीमियम कार्डांवर मार्कअप २ टक्के असतो. आपल्या उदाहरणात जीएसटीसह सुमारे १,६९९ रुपये. कुटुंबात कोणाकडे असं कार्ड असेल तर सगळ्यांच्या खोल्यांचं बिल त्याच कार्डाला जोडता येतं का, ते काउंटरवर विचारा.

*पर्याय ३: फॉरेक्स कार्ड.* यात आधीच डॉलर भरून ठेवायचे. बँक बाजारभावापेक्षा थोडा जास्त दर लावते. समजा ९१ रुपयांनी ८०० डॉलर घेतले, तर ८०० रुपये जास्त गेले आणि चलन बदलण्यावरचा जीएसटी सुमारे १३१ रुपये. कार्डाची फी असेल तर ती वेगळी. तरीही ३.५ टक्क्यांच्या कार्डापेक्षा हे स्वस्त पडतं. पण दोन अटी लक्षात ठेवा. कार्डात जहाजाचंच चलन भरा. डॉलर भरून बिल सिंगापूर डॉलरमध्ये आलं, तर अनेक कार्डांवर पुन्हा २ ते ३.५ टक्के कापले जातात. आणि अंदाजापेक्षा फार जास्त भरू नका, कारण उरलेले डॉलर परत करताना बँक कमी दर देते.

होल्डमुळे फॉरेक्स कार्डातली शिल्लक अडकू नये म्हणून एक सोपी युक्ती आहे. चढताना क्रेडिट कार्ड जोडा आणि शेवटच्या संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन बिल फॉरेक्स कार्डानं चुकतं करा. हे चालतं का, ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

*पर्याय ४: रोख.* थोडे डॉलर जवळ असावेत. एका परदेश प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. पण जहाजावरच्या एटीएममधून क्रेडिट कार्डानं पैसे काढू नका. मशिनची फी, बँकेची फी, मार्कअप आणि पैसे काढल्याच दिवसापासून व्याज, असे चार घाव एकदम बसतात.

जो खर्च जहाजावर नेलाच नाही, त्यावर फी कसली?

सगळ्यात सोपी बचत हीच. वाय-फाय, पेयांचं पॅकेज, बंदरावरच्या सहली, कर्मचाऱ्यांची टिप हे बऱ्याच कंपन्यांकडे आधीच विकत घेता येतं. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेत असाल, तर या गोष्टी त्यातच घालून रुपयांत पक्क्या किमतीचं बिल मागा. त्यानं कोणता दर लावला, तेवढं त्या दिवसाच्या दराशी ताडून बघा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट टीसीएस घेतो. तो खर्च नाही, आयकर विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपून ठेवा.

निघण्याआधी घरी बसून करायची पाच कामं

- आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा. १६ मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त भारतापुरतं सुरू होऊन येतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन परदेशी वापर चालू करा, मर्यादा ठरवा आणि परत आल्यावर बंद करा.
- हे सगळं जमिनीवरच उरका. समुद्रात फोन जहाजाच्या महागड्या नेटवर्कला जोडला जाऊ शकतो. तिथे एका ओटीपीसाठी मोठं बिल येऊ शकतं. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा.
- दोन कार्डं न्या, शक्यतो वेगवेगळ्या नेटवर्कची. एक रुपे असेल तर दुसरं विसा किंवा मास्टरकार्ड.
- रोज खातं बघा. जहाजाच्या अ‍ॅपवर किंवा टीव्हीवर रोजचा खर्च दिसतो. मुलांनी घेतलेलं आइस्क्रीम असो की न घेतलेला फोटो, लगेच कळतं.
- चूक असेल तर बिल बंद होण्याआधीच दुरुस्त करून घ्या. नंतर रिफंड मिळाला तरी तो त्या दिवसाच्या दरानं रुपयांत येतो आणि कापलेला मार्कअप परत मिळेलच असं नाही.

वर्षभर पैसे साठवून एकदा जाणाऱ्या कुटुंबासाठी तीन-चार हजार रुपये लहान नाहीत. ते वाचवायला बँकिंगचं शिक्षण लागत नाही. बुकिंग करताना ‘बिल कोणत्या चलनात?’ एवढं विचारायचं आणि मशिनवर ‘रुपयांत घेऊ का?’ विचारलं की ‘नको’ म्हणायचं. त्या दिवशी कोणतं कार्ड पुढे करायचं, ते मात्र आत्ताच, घरात बसून ठरवा.