वंगण संपल्याची अफवा

गेल्या महिन्यात एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली आणि माझ्या गुडघ्यांचं भविष्य वर्तवलं. "अजून धावता का? पन्नाशी उलटली ना तुमची? जपा हो, गुडघ्यातलं वंगण संपतं."

या वंगणाने गेली अकरा वर्षं मला सळो की पळो करून सोडलंय. पहाटे गेट उघडताना सोसायटीचा वॉचमन हेच सांगतो. दाढ दाखवायला गेलो तर दातांचे डॉक्टरही हेच सांगतात, आणि तेव्हा तोंड उघडं असल्यामुळे वादही घालता येत नाही. सासूबाई तर स्वतःच्या गुडघ्यांच्या एक्स-रेची पिशवीच पुढे करतात. त्या आयुष्यात कधी एसटीमागेही धावलेल्या नाहीत, हे मी त्यांना ऐकवत नाही.

तर वंगणापासूनच सुरुवात करू. सांध्यातला द्रव म्हणजे जन्माच्या वेळी भरून दिलेलं ग्रीस नाही. सांध्याच्या आतलं अस्तर तो सतत तयार करतं आणि जुना शोषूनही घेतं. निरोगी गुडघ्यात तो चमचाभरही नसतो, आणि तेवढा पुरतो. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. तिला पोषण मिळतं ते याच द्रवातून, तेही स्पंजासारखं: भार पडला की द्रव पिळून बाहेर, भार उचलला की पुन्हा आत. म्हणजे गुडघा वापरलाच नाही तर कूर्चेची उपासमार होते. घोट्याचं हाड मोडल्यामुळे सात आठवडे पायावर पूर्ण भार न टाकू शकलेल्या रुग्णांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांच्या गुडघ्यातली कूर्चा पातळ झालेली दिसली. दुखापत घोट्याला, झीज गुडघ्यात, आणि कारण काय, तर विश्रांती.

"अहो, पण टायर झिजतोच ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. टायर झिजतो, कारण तो निर्जीव आहे. हाड, स्नायू, स्नायुबंध हे भाराला जुळवून घेतात. कूर्चेला ते फार सावकाश जमतं आणि ती एकदा फाटली तर नीट सांधत नाही, हे मात्र खरं. म्हणूनच अंदाजपंचे न बोलता, धावणाऱ्यांच्या गुडघ्यांचं प्रत्यक्षात काय झालं ते बघायला हवं.

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९८४ पासून जवळजवळ दोन दशकं हेच केलं. ४५ लांब पल्ल्याचे धावपटू आणि ५३ न धावणारे, अशा मध्यमवयीन लोकांच्या गुडघ्यांचे एक्स-रे ते ठरावीक काळाने काढत राहिले. सुरुवातीला सांध्याच्या झिजेच्या खुणा उलट धावणाऱ्यांमध्येच किंचित जास्त होत्या. शेवटी त्या धावणाऱ्यांपैकी २० टक्क्यांच्या आणि न धावणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांच्या गुडघ्यांत सापडल्या. गट लहान होता, त्यामुळे "धावणं गुडघ्यांचं संरक्षण करतं" एवढी मोठी उडी मी त्यावरून मारणार नाही. पण दोन दशकं धावून गुडघ्यांचा भुगा झाला नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

२०१७ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेचं प्रमाण हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंमध्ये १३.३ टक्के निघालं. तिसरा आकडा लपवण्यात अर्थ नाही. व्यावसायिक पातळीवर वर्षानुवर्षं शरीर रगडणाऱ्यांचा हिशेब वेगळा असू शकतो. पण काका, आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर धावून वर मिसळ हाणणारे आम्ही त्या गटात बसत नाही.

"ज्यांचे गुडघे मुळात धड, तेच धावत राहतात" हा आक्षेप मला रास्त वाटतो. धावणाऱ्यांचं वजन कमी असतं आणि बराचसा फायदा त्यातूनच येतो, हेही खरं. ७४ हजारांहून अधिक अमेरिकी धावपटूंच्या पाहणीत हेच दिसलं होतं. शिवाय आधी गादी फाटलेली असेल, लिगामेंट तुटलेलं असेल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बूट बांधू नयेत. मुंजीतल्या काकांना विचारून भागणार नाही.

मग धावणाऱ्यांचे गुडघे दुखतात कशाने? कारण दुखतात, हे काही खोटं नाही. माझाही दुखला होता. वाटीच्या मागे, जिना उतरताना, नाटकाला दोन तास बसून उठताना. असं दुखणं म्हणजे झीज नव्हे. वाटीभोवतीच्या भागाला जेवढ्याची सवय आहे त्याहून जास्त काम एकाएकी पडलं, की तो कुरकुरतो. बहुतेक वेळा भार कमी करून आणि मांडी-नितंबांच्या स्नायूंना बळकटी देऊन तो ताळ्यावर येतो. एक्स-रे बहुधा स्वच्छ निघतो, आणि तरीही घरचे म्हणतात, "सांगत होतो!"

माझं काय चुकलं ते सांगतो. साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनची तयारी मी पुण्यातल्या सपाट रस्त्यांवर करत होतो. सर्वांत लांब धाव १२ किलोमीटरची. स्पर्धेला दोन आठवडे उरले, घबराट सुटली, आणि एका रविवारी यवतेश्वरच्या घाटात एकदम १९ किलोमीटर ठोकले. चढ सोपा गेला, उताराने वाट लावली. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतो आणि वाटीवरचा दाब वाढतो. सात आठवडे घरी बसलो. स्पर्धेचा टी-शर्ट तेवढा मिळाला.

गंमत म्हणजे तेव्हा मी धावण्याच्या दुनियेतला सर्वांत लाडका नियम काटेकोर पाळत होतो: आठवड्याचं एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. घाटाच्या आठवड्यात मधले दोन दिवस बुडाले होते, त्यामुळे बेरीज अगदी नियमात होती. वहीत सगळं आलबेल आणि पाय मात्र कामातून गेला.

या नियमाची परीक्षा नेदरलँड्समध्ये २००८ मध्येच झाली होती. ५३२ नवशिक्यांपैकी एका गटाने चार मैलांच्या शर्यतीसाठी तेरा आठवडे दहा टक्क्यांच्या बेताने तयारी केली, दुसऱ्याने नेहमीच्या पद्धतीने आठ आठवडे. दुखापतींचं प्रमाण २०.८ आणि २०.३ टक्के. काडीचा फरक नाही. पुढे २०२५ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये ५,२०५ धावपटूंचा अभ्यास आला आणि मला माझा घाट आठवला. त्यांनी आठवड्याच्या बेरजेऐवजी एकेक धाव तपासली. मागच्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून अधिक लांब झाली, की दुखापतीचा धोका वाढत होता. दुपटीहून लांब मारली तर तो दुपटीहून जास्त. आठवड्यागणिक वाढीशी मात्र असा संबंध दिसला नाही. मी माझी आकडेमोड केली: बारावरून एकोणीस, म्हणजे ५८ टक्क्यांची उडी. वर घाट.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. ऑक्टोबरमध्ये जाग आलेल्यांचे पाय डिसेंबरच्या रविवारी का दुखतात, ते यातून कळावं. दम आठ-दहा आठवड्यांत वाढतो, हाडं आणि स्नायुबंध मागे रेंगाळतात. फुप्फुसं म्हणतात "चल", नडगी म्हणते "थांब", आणि आपण ऐकतो ते फुप्फुसांचं. त्यातून ग्रुपवर कुणीतरी २५ किलोमीटरचा स्क्रीनशॉट टाकलेला असतो. आपली लांब धाव ठरवताना आपला मागचा महिना बघावा. दुसऱ्याचा रविवार बघून काय मिळणार?

हौशी माणूस धावणं सोडतो ते बहुतेकदा अशाच सात आठवड्यांत. "माझ्यात चिकाटीच नाही" असं तो म्हणतो, पण आधी पाय गेलेला असतो आणि चिकाटी त्याच्या मागोमाग जाते. त्यात भर म्हणून कुणीतरी २१ दिवसांत सवय लागते असं सांगून ठेवलेलं असतं. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकातून पसरला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं 'निदान' गळालं, चेहरा गळाला, उरला फक्त आकडा. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. व्यायामाची सवय पाणी पिण्याच्या सवयीपेक्षा उशिरा लागली. एखादा दिवस बुडाल्याने मात्र फारसं बिघडलं नाही. बाविसाव्या दिवशी पांघरूण ओढून झोपलात म्हणजे तुम्ही आळशी ठरत नाही. पहाट थंड होती, एवढंच.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या लॅक्टिक ॲसिडमुळे नव्हे. ते तास-दीड तासात निघून जातं. दुखतात ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. धावण्याआधी पाय धरून उभं राहिल्याने दुखापत टळत नाही, पाच-दहा मिनिटं चालून आणि हळू पळून अंग गरम करा. टाच आधी टेकणं हा गुन्हा नाही: जपानमधल्या एका अर्धमॅरेथॉनमध्ये चित्रीकरण केलं, तर आघाडीच्या धावपटूंपैकीही सुमारे ७५ टक्के टाचेवरच उतरत होते. मिनिटाला १८० पावलं हा आकडा १९८४ च्या ऑलिंपिकमधल्या धावपटूंच्या निरीक्षणातून आला. तो तुमच्या उंचीचा आणि वेगाचा नाही. पायाची कमान मोजून दिलेले महागडे बूट दुखापत टाळतात, असं अमेरिकी सैन्यातल्या मोठ्या चाचण्यांतही दिसलं नाही. पायाला आरामशीर वाटतील ते घ्या.

"जेवढं पाणी प्याल तेवढं चांगलं" हा मात्र जीवघेणा गैरसमज आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीकडे घसरलेलं होतं, आणि धावताना वजन वाढणं, म्हणजे गरजेहून जास्त पिणं, हे त्याचं मुख्य कारण निघालं. तहान लागेल तसं प्या. आणि मैत्रिणींनो, सराव वाढल्यावर पाळी थांबली तर ती 'फिटनेसची खूण' समजू नका. शरीराला अन्न कमी पडतंय, आणि त्याचा पुढचा हप्ता हाडं भरतात. एकाच बोटाएवढ्या जागी हाड दुखत असेल, उडी मारताना कळ येत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टर गाठा, मग तुम्ही स्त्री असा की पुरुष.

सासूबाईंच्या पिशवीतल्या एक्स-रेंमध्ये झीज खरीच आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका अशा प्रत्येक रुग्णाला व्यायाम सुचवते, हे मी सांगून पाहिलं. जावयाच्या बोलण्याला घरात जेवढी किंमत असते तेवढी मिळाली. शेवटी फिजिओथेरपिस्ट मुलीने तेच सांगितलं, आणि आता त्या रोज खुर्चीवरून दहादा उठबस करून सोसायटीला दोन फेऱ्या मारतात. परवा मी धावून परत येत होतो, तेव्हा गेटपाशी भेटल्या. वॉचमनने विचारलं, "आजी, एवढ्या सकाळी कुठं?"

"वंगण करायला," म्हणाल्या.