तीन मिनिटांच्या तबकडीपासून लाँग प्लेपर्यंत

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. भारतात १९०२ मध्ये ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ख्याल, नाट्यपद, लावणी, भावगीत सारे याच मापात बसवले गेले. भावगीताला ते मानवले, रागविस्ताराला नाही. विलंबिताला फाटा देऊन गायक बहुधा थेट द्रुत बंदिशीवर येत.

तबकड्यांच्या व्यवसायावर एचएमव्ही कंपनीची पकड होती. तरीही मुंबईत १९३५ मध्ये ‘यंग इंडिया’ हे स्वतंत्र लेबल निघाले आणि अनेक नव्या गायकांना त्याने संधी दिली. १९५०च्या दशकाच्या मध्यास ते बंद पडले. लाँग प्लेचा टप्पा त्याच्या वाट्याला आला नाही.

अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये लाँग प्ले बाजारात आणली. लाखेऐवजी व्हिनाइल, अधिक बारीक खाच आणि मिनिटाला ३३⅓ फेरे यांमुळे बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. खरखरही घटली. चुंबकीय फितीमुळे सलग मुद्रण आणि जोडकाम शक्य झाले.

भारतात या बदलाला आकार देणाऱ्यांत जी. एन. जोशी हे प्रमुख नाव. विदर्भातील खामगावचे हे भावगीत गायक १९३८ मध्ये एचएमव्हीत दाखल झाले. त्यांच्या कारकिर्दीतच, १९६० मध्ये, उस्ताद अमीर खाँ यांची लाँग प्ले निघाली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. खाँसाहेबांची अतिविलंबित गायकी तीन मिनिटांत मावणे अशक्यच होते.

पुढे जोशी यांनी १९६७ च्या सुमारास ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची निर्मिती केली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांनी संतूर, बासरी व गिटारवर काश्मिरी मेंढपाळाचा दिवस रागांच्या वेळांनुसार उभा केला. सुटी गाणी जोडण्याऐवजी पूर्ण तबकडीचीच एक कल्पना असू शकते, हे तिने दाखवले.

सुटी गाणी संपली नाहीत. चित्रपटगीते ४५ फेऱ्यांच्या सात इंची तबकड्यांवर खपत राहिली. मात्र रागसंगीताला मैफलीच्या जवळ जाणारा अवधी मिळाला तो लाँग प्लेमुळेच. १९८०च्या दशकात कॅसेटने तिची जागा घेतली.