कॉलेजातील मुले व जेवणाचा आजार

मुलगी शिकायला शहरात गेली, वसतिगृहात राहू लागली, की सुट्टीत घरी आल्यावर आई म्हणते, ‘केवढी वाळलीस गं!’ मग मेसच्या जेवणाला नावे ठेवून विषय संपतो. पुष्कळदा कारण तेच असते. पण काही वेळा नसते, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

खाण्याचे विकार म्हणजे नखरे नव्हेत. अ‍ॅनोरेक्सिया या विकारात वजन वाढेल या धास्तीने जेवण तोडले जाते. बुलिमियात भरमसाट खाऊन मग घशात बोटे घालून ओकणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे चालते. लंडनचे डॉ. जेरल्ड रसेल यांनी बुलिमियाचे वर्णन १९७९ साली केले. यात वजन बहुधा नेहमीसारखेच राहते, तेव्हा नुसत्या रोडपणावरून आजार ओळखता येत नाही. मुलींत प्रमाण अधिक, पण मुलगेही सुटत नाहीत. सुरुवात बहुधा कॉलेजच्या वयात किंवा त्याआधी होते.

यासाठी डॉक्टर लहानशी प्रश्नावली वापरतात. लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय विद्यालयातील मॉर्गन, रीड व लेसी यांनी १९९९ साली पाच प्रश्न प्रसिद्ध केले. पोट जड झाले म्हणून मुद्दाम ओकता का? किती खातो यावर ताबा राहिला नाही अशी काळजी वाटते का? तीन महिन्यांत साडेसहा किलोच्या आसपास वजन उतरले का? इतर लोक बारीक म्हणत असता स्वतःला लठ्ठ समजता का? अन्नाच्या विचाराने आयुष्य व्यापले आहे का? दोन ‘हो’ आले तर पुढील तपासणी करावी.

ही चाळण आहे, निदान नव्हे. चाळणीत दाण्याबरोबर खडाही राहतो. त्या पहिल्या तपासणीत ११६ आजारी स्त्रियांपैकी एकही सुटली नाही, पण ९६ निरोगी स्त्रियांपैकी १२ जणी आजारी ठरल्या. समजा, १०० मुलींत ५ खरोखर आजारी आहेत. या हिशेबाने चाळणीवर १७ जणी राहतील आणि त्यांतल्या १२ धडधाकट असतील. पुढे इतरत्र वापरताना काही आजारीही सुटले, कारण हा आजार लपवला जातो. लक्षण नसलेल्या सर्वांनाच असे चाळावे काय, याला पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेच्या आरोग्य-तज्ज्ञमंडळाने २०२२ साली सांगितले. लक्षणे दिसत असतील तर मात्र थांबू नये.

लक्षणे घरच्यांनाच आधी दिसतात. सर्वांबरोबर ताटावर न बसणे, जेवल्याबरोबर न्हाणीत जाऊन कडी लावणे, पाळी थांबणे, सारखी थंडी वाजणे, चक्कर, दात झिजणे. वारंवार ओकल्याने रक्तातील पोटॅशियम घटते व हृदयाचे ठोके बिघडतात. यात जीवही जातो. उपवासकाळात तर हा आजार भक्तीच्या आड सहज दडतो. आजारी माणसावर उपवासाचे बंधन नाही, हे पालकांनी मुलांना स्पष्ट सांगावे.

रागे भरून किंवा ताटासमोर बसवून काही साधत नाही. ‘जाडी झालीस’ ही थट्टाही घरात नको. एकांतात शांतपणे विचारावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. तेथून मानसोपचारतज्ज्ञांची गाठ घालून घ्यावी. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा फोन २०२२ पासून चालू आहे, तेथे मराठीतही बोलता येते.

एक सावधगिरी. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला घरी आणून एकदम तूप-भाताचा मारा करू नये. उपाशी बैलापुढे एकदम धान्य टाकले तर काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. माणसाच्या रक्तातील क्षारही अशा वेळी झपाट्याने घसरतात. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावा लागतो.