इंजिनाची परीक्षा हवेतच
२५ मार्च १९४२ रोजी जर्मनीत मेसरश्मिट ‘एमई-२६२’ हे विमान प्रथमच जेट इंजिने लावून उडाले. पंखांखाली बीएमडब्ल्यूची दोन नवी जेट इंजिने होती. नाकात मात्र जुन्या धाटणीचे पिस्टन इंजिन तसेच ठेवले होते. विमान वर जाते न जाते तोच दोन्ही जेट इंजिने बंद पडली. काॅम्प्रेसरची पाती तुटली होती. वैमानिक फ्रिट्झ वेंडेल यांनी नाकातल्या इंजिनाच्या जोरावर विमान खाली आणले. वैमानिक वाचला आणि तुटकी पातीही अभियंत्यांच्या हाती लागली. नवे इंजिन हवेतच तपासायला हवे, पण भरवशाच्या इंजिनाच्या सोबतीने, हे याहून स्पष्ट कशातून दिसणार?

यावर कोणी म्हणेल, की १९३९ मध्ये हेन्केल या जर्मन कंपनीचे ‘एचई-१७८’ एकाच जेट इंजिनावर उडाले होतेच. खरे आहे, पण त्याआधी हेन्केलने आपले जेट इंजिन ‘एचई-११८’ या पिस्टन विमानाच्या पोटाखाली टांगून हवेत चालवून पाहिले होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बारा किलोमीटर उंचीवर हवेची घनता जमिनीच्या जेमतेम चौथा हिस्सा उरते आणि तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते. अशी विरळ, थंड हवा जमिनीवरच्या बंद कक्षात तयार करता येते, मग आकाशात जीव धोक्यात का घालायचा? असे कक्ष असायलाच हवेत. ज्वाला कुठे विझते, हे तिथे नीट कळते. पण कक्षातले इंजिन जागेवर बसलेले असते, ते सूर मारत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘स्पिटफायर’ या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मर्लिन इंजिनाचे दुखणे नेमके तिथेच होते. वैमानिकाने विमानाचे नाक झटक्यात खाली केले, की कार्ब्युरेटरमधले इंधन वर उसळे आणि ऐन लढाईत इंजिन आचके देई. शत्रूच्या, म्हणजे जर्मन विमानांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई, त्यामुळे ती सहज निसटत. १९४१ मध्ये इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या अभियंत्या बिॲट्रिस शिलिंग यांनी इंधनाच्या नळीत छोट्या भोकाची एक चकती बसवली आणि त्रास बराच आटोक्यात आला. एवढीशी चकती, पण तिची गरज कळली ती उडत्या विमानात.

खर्चाचा मुद्दा उरतो. पण चाचणीचे विमान नसण्याचीही किंमत मोजावी लागते. आपले ‘कावेरी’ इंजिन २०१० मध्ये मॉस्कोजवळ नेऊन चार इंजिनांच्या ‘आयएल-७६’ विमानावर एका इंजिनाच्या जागी बसवून उडवावे लागले, कारण तशी सोय इथे नव्हती. दरवेळी परदेशी विमानाची तारीख मिळण्याची वाट पाहायची, तर चूक शोधणे आणि सुधारणे लांबतच जाणार. स्वदेशी इंजिन हवे असेल, तर त्याच्या आराखड्याबरोबरच चाचणीच्या विमानासाठीही पैसा मंजूर करायला हवा.