विश्लेषण : नवी क्लच प्लेट टाकूनही गाडी का ओढत नाही? गिअरबॉक्स बसवताना काय पाहायला हवे?

देवगाव फाटा (जि. परभणी) : मंठ्याकडून येणारा रस्ता देवगाव फाट्यावर फुटतो. एक वाट सेलू-पाथरीकडे जाते, दुसरी चारठाणा-जिंतूरकडे. फाट्यावर थांबायचे, पुन्हा उठायचे, गतिरोधक ओलांडायचा, भरलेली पिकअप चढावर काढायची. या प्रत्येक वेळी गाडीतला एकच भाग झिजतो, तो म्हणजे क्लच.

क्लच गेला की सुट्या भागांचा खर्च येतोच, पण बिलाचा मोठा हिस्सा गिअरबॉक्स उतरवून परत बसवण्याच्या मजुरीचा असतो. काम नीट झाले नाही, तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. ऐन कापसाच्या हंगामात गाडी उभी राहिली, तर भाडेही बुडते. हे काम कसे होते आणि ते नेमके कुठे बिघडते, ते समजून घेऊ.

क्लच नेमके काय करतो?

गाडी जागेवर उभी असतानाही इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे फिरत असते. चाके मात्र थांबलेली असतात. ही दोन्ही टोके थेट जोडली, तर इंजिन बंद पडेल. म्हणून मध्ये सोडता-जोडता येणारा दुवा लागतो.

इंजिनच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड चक्र असते. त्याला चिकटून क्लच प्लेट आणि तिच्यावर प्रेशर प्लेट बसते. प्रेशर प्लेटमधली स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते, त्यामुळे तिघेही एकत्र फिरतात. क्लच प्लेटच्या मधल्या खाचांत गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट अडकलेला असतो. पायाने क्लच दाबला की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगला रेटते, पकड सुटते आणि गिअर बदलता येतो.

पुढे इंजिन, त्यामागे क्लच व गिअरबॉक्स आणि ताकद मागच्या चाकांना, ही रचना फ्रान्सच्या पानार-लव्हासॉर कंपनीने १८९१ च्या सुमारास रूढ केली. बोलेरो आणि बहुतेक पिकअप आजही याच रचनेवर चालतात. लहान कारमध्ये मात्र इंजिन आडवे असते आणि ताकद पुढच्या चाकांना जाते.

क्लच गेला हे कसे ओळखायचे?

- इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी वेग घेत नाही. चढावर जळका वास येतो. अशा वेळी प्लेट घसरत असण्याची शक्यता जास्त.
- क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडताना कर्रकन आवाज येतो. पकड पूर्ण सुटत नसल्याचे हे लक्षण. दोष प्लेटचाच असेल असे नाही. क्लच वायर सैल झालेली असू शकते किंवा हायड्रॉलिक यंत्रणेत हवा शिरलेली असू शकते.
- पाय दाबल्यावरच घरघर सुरू होत असेल, तर आधी रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट पाय सोडल्यावर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या आतले बेअरिंग तपासावे.

एक सोपी चाचणी आहे. सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा किंवा चौथा गिअर टाका आणि थोडा अॅक्सिलरेटर देत क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले तर पकड ठीक आहे. इंजिन चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करा, कारण प्रत्येक वेळी प्लेट तापते.

त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच का लागतो?

क्लच हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध, बंद कवचात असतो. बाहेरून हात पोहोचत नाही. म्हणून आधी बॅटरीची वायर काढायची, मग स्टार्टर आणि गिअरच्या केबल सोडायच्या. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कारमध्ये दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात आणि बहुतेक वेळा त्याआधी गिअर ऑइलही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट काढतात. त्यानंतर इंजिनला आधार देऊन गिअरबॉक्स मागे सरकवून खाली घेतात.

लहान कारचा गिअरबॉक्सही साधारण ३० ते ४० किलोचा असतो. म्हणून तो जॅकवर पेलूनच उतरवावा लागतो. गाडी मात्र नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर असावी. यात तडजोड झाली तर जिवावर बेतते.

बसवताना कुठे चुकते?

चांगल्या कंपनीचा क्लच सेट टाकूनही काम फसते, त्यामागे बहुतेक वेळा पुढच्यापैकी एखादी चूक असते.

१. प्लेट मध्यभागी नसणे. प्रेशर प्लेट आवळण्याआधी क्लच प्लेट अगदी केंद्रात धरावी लागते. त्यासाठी अलाइनमेंट टूल किंवा त्याच मॉडेलचा जुना इनपुट शाफ्ट वापरतात. अंदाजाने बसवली तर गिअरबॉक्स आत जात नाही.

२. बोल्टच्या जोरावर गिअरबॉक्स ओढणे. ही सर्वांत महागडी चूक. गिअरबॉक्स हाताने सरकून कवचाला टेकला पाहिजे. फट राहिली असताना बोल्ट आवळून ती मिटवली, तर प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा कवचाला तडा जातो. गिअरबॉक्सचे वजन इनपुट शाफ्टवर लटकत ठेवले तरी प्लेट वाकते. मग नवी गाडीसुद्धा उठताना थरथरते.

३. प्लेट उलटी बसणे. कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, याची खूण प्लेटवर असते. उलटी बसली तर क्लच सुटतच नाही.

४. तेलकट हात. फ्लायव्हील किंवा प्लेटला ऑइल-ग्रीस लागले तर क्लच घसरतो किंवा हिसके देतो. शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावायचे, पण अगदी पातळ. जास्त लावलेले ग्रीस फिरताना उडून प्लेटवर जाते.

५. बोल्ट एका बाजूने आवळणे. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे आणि शेवटी कंपनीने दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क रेंचने. एकच बाजू आधी घट्ट केली तर प्रेशर प्लेट वाकडी होते.

आतली काळी भुकटी हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या काही प्लेटच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असायचे आणि त्याचे तंतू फुप्फुसांना घातक आहेत.

गिअरबॉक्स खाली असताना आणखी काय पाहावे?

मजुरी तीच असते, म्हणून ही तपासणी तेव्हाच करून घ्यावी. रिलीज बेअरिंग प्लेटसोबतच बदलावे. इंजिनच्या मागच्या बाजूचे ऑइल सील गळत असेल तर लगेच बदलावे, नाहीतर तेच तेल नव्या प्लेटवर येईल. फ्लायव्हीलवर निळसर डाग, खोल चरे किंवा भेगा आहेत का, ते स्वतः पाहावे. इनपुट शाफ्टचे टोक टेकणारे छोटे पायलट बेअरिंग ज्या गाड्यांत असते, तिथे तेही तपासावे.

जुन्या बाजारातला गिअरबॉक्स चालतो का?

गिअरबॉक्सच खराब असेल तर अनेक जण जुना आणून बसवतात. बाहेरून सारखा दिसला म्हणजे तो जुळतोच असे नाही. शाफ्टवरच्या खाचांची संख्या, गिअरचे गुणोत्तर, कवचाचे बोल्ट आणि पायाखालची जोडणी हे सगळे जुळावे लागते. त्याच मॉडेलचा, त्याच इंजिनसाठीचा गिअरबॉक्स घेणे हाच सुरक्षित मार्ग. इंजिनच बदलायचे असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची प्रक्रिया लागते.

एएमटी गाडीत क्लच नसतो का?

असतो. मारुती सुझुकीने २०१४ मध्ये सेलेरिओतून हे तंत्र स्वस्त कारमध्ये आणले. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम संगणकाच्या हुकमाने यंत्र करते. त्यामुळे प्लेट इथेही झिजते. बदलल्यावर यंत्रणेला नव्या प्लेटची ओळख करून द्यावी लागते. ती सोय असलेल्या गॅरेजमध्येच हे काम द्यावे.

गाडी ताब्यात घेताना काय करावे?

- काढलेली जुनी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग परत मागा. नव्या सेटचा खोका व बिल जपून ठेवा.
- इंजिन चालू ठेवून रिव्हर्स गिअर टाका. आवाज न होता पडला पाहिजे.
- गिअर ऑइल योग्य प्रतीचे व पूर्ण भरले का, ते विचारा.
- मेकॅनिकला सोबत घेऊन एखादा चढ चढवून पाहा. थरथर, वास किंवा आवाज आला तर गाडी तिथेच परत दाखवा.

नवी प्लेट बसायला काही दिवस लागतात. तोवर जास्तीचा माल भरू नये. पुढेही क्लचवर पाय टेकवून गाडी चालवू नये आणि चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याऐवजी हँडब्रेक वापरावा. नीट बसवलेला क्लच किती टिकेल, हे बहुतांशी चालकाच्या डाव्या पायावर ठरते.