दोन खानेसुमारींमधली दहा वर्षे

५ एप्रिल १८९१ रोजी रविवार होता. त्या रात्री इंग्लंडमधील प्रत्येक घरात कोण कोण मुक्कामाला होते, याची नोंद सरकारने करून घेतली. लंडनच्या दक्षिण भागात वॉलवर्थ नावाची कष्टकऱ्यांची दाट वस्ती होती. तेथील बार्लो स्ट्रीटच्या नोंदींमध्ये हॅना चॅप्लिन ही तरुण स्त्री आणि सिडनी व चार्ल्स ही तिची दोन मुले आढळतात. धाकट्याला दोन वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा अकरा दिवस उरले होते. पुढे साऱ्या जगाने चार्ली चॅप्लिन म्हणून ज्याला डोक्यावर घेतले, तोच हा मुलगा. यानंतरची खानेसुमारी ३१ मार्च १९०१ची. तीत हा मुलगा लॅम्बेथमधील फर्नडेल रोडवर आढळतो, पण आईजवळ नव्हे. 'एट लँकेशायर लॅड्स' या नाचणाऱ्या मुलांच्या चमूचे चालक जॅक्सन यांच्या बिऱ्हाडी तो राहत होता.

केवळ या दोन नोंदींवर विसंबून कोणी या कुटुंबाचा इतिहास लिहू लागला, तर गाणाऱ्या आईचा मुलगा यथाकाल रंगमंचावर गेला, एवढेच तो लिहील. त्यात खोटे काहीच नाही. परंतु या कुटुंबाच्या आयुष्यात जे खरोखर घडले, त्यातले बहुतेक सारे या दोन रात्रींच्या मधल्या दहा वर्षांत घडले आहे. एकोणिसाव्या शतकातील एखाद्या इंग्रज कष्टकरी कुटुंबाचा माग काढू पाहणाऱ्याने खानेसुमारीचे सामर्थ्य आणि तिची ही मर्यादा, दोन्ही आधीच ओळखून घ्यावीत.

सामर्थ्य खरोखरच मोठे आहे. आपल्याकडे वंशावळीचा शोध म्हटला की कुलवृत्तान्त आठवतात, किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. कुलवृत्तान्त छापणारी घराणी मोजकी आणि वह्यांत नाव यायचे तर यात्रा घडायला हवी. भारतातील १८७२ आणि १८८१च्या जनगणनांचे आकडेवारीने भरलेले जाडजूड अहवाल उरले, पण घरोघरच्या माणसांची नावे असलेले कागद जपले गेले नाहीत. इंग्लंडमध्ये मात्र प्रगणकांच्या वह्याच राष्ट्रीय अभिलेखागारात टिकून आहेत. त्यामुळे जमीनदाराच्या शेजारी त्याचा मोतद्दार, गिरणीमालकाच्या शेजारी त्याच्याकडे सूत सांधणारी दहा वर्षांची पोर, अशी सगळी माणसे नावानिशी सापडतात. ज्यांनी आयुष्यात कधी मृत्युपत्र केले नाही, जमीन घेतली नाही, पत्र लिहिले नाही, त्यांच्यासाठी ही नोंद म्हणजे बरेचदा अस्तित्वाचा एकमेव पुरावा असतो.

चॅप्लिनच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे. आपला जन्म १६ एप्रिल १८८९चा, असे तो सांगत असे. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झालेली होती आणि १८७५ पासून जन्माची नोंद न करणाऱ्या पालकांना दंडही होता. तरीही त्याच्या जन्माचा दाखला कुणालाच मिळालेला नाही. १९५२ साली अमेरिकेच्या सांगण्यावरून ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर खात्याने तो धुंडाळला आणि हात हलवत परत आले. ही फाइल २०१२ साली खुली झाली. ज्याच्या जन्माचा कागद हेरखात्यालाही मिळाला नाही, तो मूल असताना कुठे आणि कोणाजवळ होता, हे खानेसुमारीच्या एका ओळीतून कळते.

ही ओळ तयार कशी होत असे, हे समजले तर ती वाचणे सोपे जाते. ठरलेल्या रविवारच्या आधी प्रगणक घरोघरी छापील तक्ते देऊन जाई आणि सोमवारपासून ते गोळा करी. ज्याला लिहिता येत नसे, त्याचा तक्ता तो विचारून स्वतः भरी. मग सर्व तक्ते आपल्या वहीत उतरवून काढी. मूळ तक्ते नंतर नष्ट करण्यात आले. म्हणजे १८४१ पासून १९०१ पर्यंत आपण जे वाचतो, ती घरच्या माणसाच्या शब्दांची प्रगणकाने केलेली नक्कल आहे. लंडनच्या गरीब वस्त्यांत शब्दारंभीचा 'ह' गिळून बोलायची रीत होती. 'हॅना हिल' हे नाव दारात उभ्या असलेल्या माणसाला 'ॲना इल' असे ऐकू आले तर नवल नव्हते. त्यावर कारकुनांनी आकडेमोड करताना मारलेल्या पेन्सिलीच्या फराट्या, आणि त्या साऱ्यावर आजच्या संगणकीय सूचीसाठी कोणीतरी केलेले वाचन. त्यामुळे आडनाव टाकून शोध लागला नाही, तर आडनाव सरळ सोडून द्यावे. नुसते पहिले नाव, अंदाजे वय आणि जन्मगाव एवढ्यावर शोध घ्यावा. कुटुंबातल्या एखाद्या वेगळ्या नावाच्या मुलाला धरून शोधले, तर पुष्कळदा सगळे घर हाती लागते.

सगळ्या खानेसुमारी सारख्याही नाहीत. १८०१ पासून दर दहा वर्षांनी मोजणी होत असली, तरी पहिल्या चार वेळा सरकारला हवे होते ते प्रामुख्याने आकडे. नावे १८४१ पासून मिळतात, तीही अपुऱ्या तपशिलांसह. पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, तेव्हा 'तीस' म्हणजे चौतीसही असू शकते. घरातील माणसांचे परस्परांशी नाते लिहिलेले नसते. जन्म याच परगण्यात झाला की नाही, एवढेच कळते. १८५१ पासून चित्र स्पष्ट होते. नाते, नेमके वय, विवाहित की विधवा, व्यवसाय, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे जन्मगाव. मुलांच्या जन्मगावांवरून कुटुंब कोणत्या साली कुठे कामाच्या मागे गेले, हे नकाशावर बोट ठेवून सांगता येते. थोरला खेड्यात जन्मला, मधली गिरणीगावात, धाकटा लंडनला, एवढ्या तीन शब्दांत अर्धा इतिहास येतो. १८९१ साली आणखी एक रकाना आला. घरातील खोल्या पाचांहून कमी असतील, तर किती, ते लिहायचे. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या वाचकाला या रकान्याचे महत्त्व सांगायला नको.

नात्याचा रकाना मात्र सावधपणे वाचावा. चॅप्लिनच्या आईवडिलांचे लग्न जून १८८५ मधले, तर सिडनीचा जन्म त्याच वर्षीच्या मार्चमधला. जन्मनोंदीत तो आईच्या माहेरच्या हिल या आडनावाने आहे, पुढे तो चॅप्लिन झाला. अशी मुले खानेसुमारीत बिनदिक्कत 'मुलगा' म्हणून येतात. उलट त्या काळी सावत्र मुलाला इंग्रजीत 'जावई' या अर्थाचा शब्दही लावीत. त्यामुळे नऊ वर्षांचा जावई दिसला, तर बालविवाहाचा शोध लागला असे समजू नये! स्त्रियांच्या व्यवसायाचा रकाना कित्येकदा कोरा असतो. घरी बसून शिवणकाम करणारी, लोकांचे कपडे धुणारी बाई प्रगणकाच्या लेखी काहीच करीत नसे. हॅनाने दोन मुलांना घेऊन शिवणकामावर काढलेले दिवस अशाच कोऱ्या रकान्यांत गडप झाले.

आता ती मधली दहा वर्षे. नवऱ्याने संसार सोडलेला, आवाज गेलेला, प्रकृती ढासळलेली, अशा अवस्थेत हॅना आणि दोन्ही मुले मे १८९६ मध्ये वर्कहाऊसच्या दारात उभी राहिली. निराधारांना अन्न आणि छप्पर मिळे, पण कुटुंबाची ताटातूट करून, अशी ही सरकारी संस्था. मुलांना जूनमध्ये हॅनवेलच्या गरीब मुलांच्या शाळेत पाठविले. चार्ली तेव्हा सात वर्षांचा होता. तो १८९८च्या जानेवारीत सुटला, जुलैमध्ये तिघेही पुन्हा लॅम्बेथच्या वर्कहाऊसमध्ये. सप्टेंबरात हॅनाला केन हिलच्या मनोरुग्णालयात हलविण्यात आले. यातले एक अक्षरही खानेसुमारीत नाही, कारण १९०१ उजाडेपर्यंत तो मुलगा बाहेर पडून नाचू लागला होता.

हे कळते ते दुसऱ्या वह्यांवरून. वर्कहाऊसमध्ये आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाची तारखेनिशी नोंद होई, शाळांच्या आणि मनोरुग्णालयांच्या वह्या वेगळ्या असत. लंडनपुरते बोलायचे तर यांपैकी पुष्कळ कागद लंडन अर्काइव्हजमध्ये आहेत. २०२४ पर्यंत या संस्थेचे नाव लंडन मेट्रोपॉलिटन अर्काइव्हज असे होते. गरिबीने या कुटुंबावर जितके घाव घातले, तितके कागद मागे राहिले. सुस्थितीतल्या कारागिराच्या घराचे एवढे तपशील मिळत नाहीत, हा त्यातला विचित्र न्याय. शोध घेणाऱ्याने म्हणून दोन खानेसुमारींत एखादे मूल आईपासून वेगळे झालेले दिसले, घरमालकांची नावे भराभर बदललेली दिसली, की त्या परिसराच्या वर्कहाऊसच्या वह्या मागवाव्यात. चार्ल्स बूथ यांनी १८८९ पासून प्रसिद्ध केलेले लंडनच्या दारिद्र्याचे नकाशेही जवळ ठेवावेत. त्यांत प्रत्येक रस्ता तेथील सांपत्तिक स्थितीनुसार रंगविलेला आहे आणि ते आता इंटरनेटवर पाहता येतात. वस्त्या ठाऊक झाल्या की वह्या कोणत्या ते ठरते.

राहिले वडील. थोरले चार्ल्स चॅप्लिन हे एके काळी म्युझिक हॉलमध्ये नाव असलेले गायक, पुढे दारूच्या आहारी गेलेले. १९११च्या खानेसुमारीत ते सापडणार नाहीत. एखादे माणूस एका खानेसुमारीत असून पुढच्या खानेसुमारीत नसेल, तर मधल्या दहा वर्षांच्या मृत्यूंच्या सूची तिमाहीगणिक चाळाव्या लागतात. कधी कधी चाळीस तिमाह्या पाहाव्या लागतात, कधी पहिल्याच पानांत काम होते. चार्ल्स यांचे निधन ९ मे १९०१ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात झाले. खानेसुमारीच्या रात्रीला तेव्हा एकोणचाळीस दिवस झाले होते.