भिक्खुणींचं घर रानात नको, स्टेशनजवळ हवं

आसनगावला लोकलमधून उतरलं की माहुली गडाचे सुळके दिसतात. या भागात भिक्खुणींसाठी निवास उभारायचा म्हटलं, तर पहिला विचार पायथ्याच्या रानातल्या शांत जागेचाच येईल. संघाचे नियम सांगणारं विनयपिटक मात्र उलट सांगतं. अत्याचाराच्या घटनांनंतर भिक्खुणींना अरण्यवास वर्ज्य झाला. एकटीने गावोगाव फिरायचं नाही, रात्री एकटीने राहायचं नाही. उपसंपदेआधी, म्हणजे पूर्ण दीक्षेआधी, दोन वर्षं शिकाऊ म्हणून काढायची आणि गुरू असलेल्या भिक्खुणीने एका वर्षात दोघींना उपसंपदा द्यायची नाही. थेरवादातल्या ३११ नियमांपैकी कितीतरी नियम सोबतीण गृहीत धरूनच केलेले आहेत. म्हणजे भिक्खुणीच्या साधनेची पहिली गरज एकांत नव्हे, चार जणींचं वस्तीतलं घर ही आहे. आपल्याकडे दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरांना उत्साह असतो. पण चीवर घातलेल्या बाईने अकराव्या दिवशी राहायचं कुठे?

भिक्खुणींचं असं वस्तीतलं घर या मुलखाला नवं नाही. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून चढणारा नाणेघाट कल्याण बंदराला जुन्नरशी जोडत होता. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात धर्मोत्तरीय या बौद्ध पंथाच्या भिक्खुणी-उपाश्रयाचा (निवासाचा) उल्लेख आहे आणि तो उपाश्रय डोंगरात नव्हे, नगरात होता. कार्ले आणि कान्हेरीच्या लेखांत तर भिक्खुणी स्वतः दान देताना दिसतात.

थेरवादातली भिक्खुणी परंपरा अकराव्या शतकाच्या सुमारास खंडित झाली, मग आजची उपसंपदा वैध कशी, असा आक्षेप काही जण घेतात. पण पाचव्या शतकात सिंहली भिक्खुणींनीच ती चीनला नेली होती. तिथल्या परंपरेच्या साहाय्याने १९९८ मध्ये बोधगयेला उपसंपदा झाली. शिवाय भिक्खूंनी भिक्खुणींना उपसंपदा द्यावी, अशी अनुज्ञा विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आहेच. दुसरा आक्षेप घरचा आणि जास्त वजनदार आहे: बाबासाहेबांना समाजसेवक भिक्खू हवा होता, मठात बसणारा नव्हे. खरं आहे. पण भिक्खुणी संघाचा कैवार घेणारा लेखही त्यांनी १९५१ मध्ये ‘महाबोधी’ मासिकात लिहिला. आणि सेवा करायचीच, तर शहापूरच्या वस्त्या, शाळा, दवाखाना हाताशी असलेलं स्टेशनजवळचं घरच उपयोगी. भोजनदानाची काळजी मी करणार नाही. वर्षावासात विहार जागते ठेवण्यात उपासिकांचाच वाटा मोठा असतो. काळजी जागेच्या दस्ताची आहे. जागा भिक्खुणींना वापरायला द्यायची आणि विश्वस्त मंडळावर एकही भिक्खुणी नाही, असं झालं तर त्या आपल्याच घरात पाहुण्या ठरतील.